ओळीचा पहिला शब्द

डोंगरावर एकट्यानं जाणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. त्यांना वाटतं, हा काहीतरी शोधायला निघालाय. आमच्या ऑफिसात तर असं बोललं जातं की शनिवारी मी घणसोलीमागच्या डोंगरावर 'स्वतःशी संवाद' साधायला जातो. जेवणाच्या सुट्टीत एकीनं मला विचारलंही होतं, एकटं जायची भीती नाही का वाटत? मी चेहरा जमेल तेवढा गंभीर करून 'सवय होते' म्हणालो. खरं सांगायचं तर माझा स्वतःशी संवाद 'गुडघा दुखतोय' आणि 'परत फिरूया का' या दोन वाक्यांच्या पुढे कधी गेलेला नाही.

पण ज्या शनिवार-रविवारबद्दल सांगतोय, तेव्हा माझ्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. त्यावर त्रिशरण, पंचशील आणि पूजेच्या गाथा मी स्वतःच्या हातानं लिहून काढल्या होत्या. दिघ्याच्या विहारात ज्या माणसानं तीस वर्षं वंदना घेतली, त्याचा मी एकुलता एक मुलगा. आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पंचशील पाठ करायला डोंगर चढत होतो. माझ्याजवळ फक्त दीड दिवस होता. रविवारी संध्याकाळी पाचला विहारात बाबांच्या पहिल्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि वंदना मी घेणार होतो.

आमच्याकडे माणूस जाऊन वर्ष झालं की हा कार्यक्रम करतात. पांढरे कपडे, मेणबत्त्या, फुलं, वंदना. मग चार जण गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात, त्यातले दोघे तरी स्वतःबद्दलच बोलतात. वंदना घ्यायला भन्ते येतात, नाहीतर एखादे बौद्धाचार्य. ते एक ओळ म्हणतात, मागून सगळे तीच ओळ म्हणतात. मीही महिनाभर आधी माणूस ठरवायला निघालो होतो, पण आईनं अडवलं.

"घरचं मानूस असताना भायेरचं कशाला?" ती म्हणाली. "त्यांच्या जाग्यावर तू बसायचं."

"आई, मला सवय नाही गं."

"सवय कशाची लागती? त्यांच्या मांडीवर बसून शिकला तू."

माझ्याशी हे बोलेपर्यंत तिनं दिघ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला 'माजा लेक घेनार वंदना' असं सांगून टाकलं होतं. त्या गल्लीत एखादी गोष्ट सांगितली की ती परत घेता येत नाही. शिवाय बाबा गेल्यापासून वर्षभरात आईनं कशाचाच हट्ट धरला नव्हता. आमच्याकडे ऐरोलीला राहायला चल म्हटलं तर नको, टीव्ही बदलू म्हटलं तर नको. हा पहिला हट्ट होता, आणि तो पुरवायला लागणारी एकमेव गोष्ट माझ्याकडे नव्हती.

मांडीवर बसून शिकलो हे खरंच आहे. काय शिकलो हे मात्र कुणी तपासलं नाही. बाबा मराठवाड्यातून आले आणि इथल्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागले. बॉयलरच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे त्यांची घरातली रोजची वंदनाही दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. त्यांनी ओळीचा पहिला शब्द टाकला की माझी जीभ उरलेली ओळ आपोआप सोडून द्यायची. पहिला शब्द कायम त्यांचा. थोडक्यात, मला सगळं येत होतं, फक्त सुरू करता येत नव्हतं. धक्का मारल्याशिवाय सुरू न होणाऱ्या रिक्षा असतात, तसला प्रकार. आणि मागे बसून म्हणणाऱ्या माणसाला हे आयुष्यभर कळत नाही, कारण त्याला धक्का मारणारा रोज हजर असतो.

बायकोनं सुचवलं, मोबाइलमध्ये बघून म्हण. हात जोडल्यावर मोबाइल कुठं धरायचा, हे तिनं सांगितलं नाही. कागद समोर ठेवायचीही सोय नव्हती. फार वर्षांपूर्वी विहारात एका पाहुण्यानं चिठ्ठी काढून पंचशील वाचलं होतं. बाबा माझ्या कानाशी 'शील खिशात ठेवलंय वाटतं' असं म्हणाले होते, अर्थात बॉयलरवरच्या आवाजात, म्हणजे सगळ्या विहाराच्या कानाशी. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो.

"मग आईंना सांगून टाक ना, येत नाही म्हणून," बायको म्हणाली.

"काय सांगू? चाळीस वर्षं नुसते ओठ हलवत होतो?"

"हो."

माझ्या बायकोकडे असे सोपे उपाय नेहमी तयार असतात. म्हणूनच मी तिला फारसं काही विचारत नाही.

तर शनिवारी सकाळी सहाला मी डोंगराच्या पायथ्याशी होतो. हिवाळा होता. आमचं शहर नियोजनबद्ध आहे असं सगळे म्हणतात. इथं बँकांना वेगळा सेक्टर आहे, कांदे-बटाट्याला वेगळा सेक्टर आहे, फक्त धुकं आणि धूर यांना वेगळे भूखंड द्यायचं राहून गेलंय. त्या मिश्रणात पहिल्या चढावर आरोग्यप्रेमी मंडळी खोल खोल श्वास घेत उभी होती. एका गृहस्थानं कमरेला स्पीकर लावला होता, म्हणजे निसर्गाच्या शांततेचा कुणाला त्रास व्हायला नको. मी त्यांना मागं टाकून वरच्या पायवाटेला लागलो आणि कागद काढला.

त्रिशरण गेलं. ते तीन वेळा म्हणायचं असतं, त्यामुळे पहिल्यांदा चुकलं तर सुधारायला आणखी दोन संधी मिळतात. पंचशीलात अशी सवलत नाही. पहिलं प्राण्यांना न मारण्याचं, दुसरं चोरीचं, इथपर्यंत गाडी आली. तिसऱ्यात आणि चौथ्यात अदलाबदल झाली. पाचवं, म्हणजे दारूचं, कागदावरून नजर काढली की पुसलं जायचं. त्याचा पहिला शब्द हा शब्द नसून मालगाडी आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी दहा पावलं चालायचो, अडायचो, कागद बघायचो, पुन्हा दहा पावलं. घड्याळ मनगटावर थरथरून 'तुम्ही थांबला आहात, सर्व ठीक आहे ना?' असं विचारत होतं. बारा हजार रुपयांत एवढी काळजी करणारं दुसरं कोणी मिळत नाही.

वरच्या सपाटीजवळ शेंदूर लावलेला एक दगड आहे. माझ्याच वयाचा एक माणूस धापा टाकत आला, चपला काढल्या, नमस्कार केला, कपाळाला बोट लावलं आणि वीस सेकंदांत उतरायलाही लागला. मला त्याचा अतोनात हेवा वाटला. कॉलेजात असताना मी याच गोष्टीवर वाद घालायचो. कर्मकांड नको, विचार हवा, असे तारे तोडायचो. 'मी धम्म आचरणात मानतो' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. विहारात जायचा कंटाळा येतो हे सांगण्याची इतकी भारदस्त रीत मला त्यानंतर सापडलेली नाही. आचरण म्हणजे नेमकं काय, असं कुणी खोलात जाऊन विचारलं नाही, ते माझं नशीब.

बाबांनीही विचारलं नाही. ते फक्त फोन करायचे. शेवटची दोन वर्षं दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"उद्या येतो का विहारात? माझ्याशेजारी बस."

"उद्या राईड आहे, बाबा."

"बरं."

बस, एवढंच. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवल्यावर मी मोटारसायकलीच्या किमतीची सायकल घेतली होती आणि रविवार सकाळ तिला देऊन टाकली होती. बाबांच्या फोनचा मला राग यायचा. एवढी वर्षं सोडून दिलं आणि आता म्हातारपणी मुलाला सुधारायला निघालेत, असं वाटायचं. ते थोडं विसरायला लागलेत हे मला माहीत होतं. किल्ली कुठं ठेवली, जेवण झालं की नाही, असं. म्हातारी माणसं विसरतात, म्हणून मी तेही विसरून गेलो.

बाबा डोळे मिटून म्हणायचे, म्हणून मीही डोळे मिटून म्हणून पाहावं असं मला उतारावर सुचलं. उतारावर डोळे मिटून चालणाऱ्या माणसाचं जे होतं ते झालं. गुडघा सोलला, तळहातात खडी रुतली आणि चौथं शील अर्धवट राहिलं. घड्याळानं ताबडतोब विचारलं की तुम्ही पडला आहात का. मी 'नाही' दाबलं. खोटं न बोलण्याचं शील पाठ करताना मारलेली ही त्या शनिवारची पहिली थाप, आणि तीही एका घड्याळाला.

घरी आल्यावर बायकोनं गुडघ्याला औषध लावलं. "पाठ झालं?" तिनं विचारलं. "जवळजवळ," मी म्हणालो. तिनं कापूस जरा जास्तच दाबला.

रविवारी पहाटे मी सायकल काढली. वडिलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी ऐंशी किलोमीटर सायकल चालवायला जाणारा मुलगा, असं कुणी म्हणालं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. पण घरात मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. आमच्या सोसायटीत भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्यांना माझं पाचवं शील माझ्याआधी पाठ झालं असतं. सायकलवर माणूस काय वाटेल ते बोलू शकतो. ऐरोलीहून पाम बीचला लागलो तेव्हा उजाडत होतं. समोरून आमचा जुना ग्रुप आला, एकसारख्या जर्सीतले पंधरा जण. मी तो ग्रुप सोडला, कारण तिथं वंगण आणि सीट या दोनच विषयांवर बोलतात आणि दोन्ही विषय लवकर संपत नाहीत. त्यांनी हात केला, मी दुसरं शील म्हणत हात केला.

बेलापूरच्या पुढं रस्ता कंटेनरवाल्यांच्या ताब्यात जातो. एकेक ट्रेलर शेजारून गेला की सायकल अर्धा फूट सरकते. तिथं मी अगदी बाबांच्या आवाजात ओरडून म्हणत होतो. प्राण्यांना मारणार नाही असं मी सांगत होतो आणि ट्रेलर तसं काही कबूल करायला तयार नव्हते. जासईपर्यंत तिसरं आणि चौथं जागेवर आलं. तिथं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशी गावातल्याच, आगरी. माझे ओठ चालूच होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काय रं भाव, कवाधरना एकलाच बोलतंस. बरा हाय ना?"

"ऑफिसची मीटिंग चालू आहे, मावशी," मी कानाला हात लावून म्हणालो. कानात काही नव्हतं.

"आयतवारी पन?" त्या हळहळल्या आणि चहात त्यांनी साखर जास्त टाकली. दोन दिवसांत चौथ्या शीलाची तीनदा वाट लावून मी द्रोणागिरीकडे निघालो.

द्रोणागिरीत रविवारी सकाळी माणूस दिसत नाही. रुंद रस्ते, गोदामं, कंटेनरच्या रंगीत थप्प्या आणि कुत्री. अशा ठिकाणी टायर फाटतो. माझा फाटला. ट्यूब होती, पण टायरच चिरला होता. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर पासष्टीचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. इथल्याच किनारपट्टीवरचे, तीन पिढ्या उरणला. आमचा माणूस तासाभरात टेम्पो घेऊन बेलापूरकडे निघेल, सायकल टाका त्यात, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मग दुसरी खुर्ची दिली. मी बसलो आणि पाच मिनिटांत माझे ओठ पुन्हा सुरू झाले.

"काय पाठ करताय?" त्यांनी विचारलं. टपरीवरच्या मावशींना पडलेला प्रश्न त्यांना पडलाच नाही. पाठांतर करणारा माणूस त्यांनी ओळखला होता.

मी खरं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित ते अनोळखी होते म्हणून. सगळंच सांगितलं, बाबा, आई, पाच वाजता, पहिला शब्द.

"एकट्यानं कसं होईल?" ते म्हणाले. "समोर ऐकणारा पाहिजे. आणा तो कागद."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला. मी हात जोडले. द्रोणागिरीतल्या एका गोदामासमोर, घामानं भिजलेली चट्टेरी जर्सी घालून मी त्रिशरण म्हणायला लागलो आणि ते बोट ठेवून एकेक ओळ बघत राहिले. अडलो की पहिलं अक्षर सांगायचे, अख्खा शब्द नाही. चौथ्याला 'हं, बरोबर' म्हणाले. पाचव्याला मी थांबलो. "इथं परत अडलात," असं म्हणून त्यांनी ती मालगाडी दोन तुकड्यांत तोडून दिली. पाली त्यांनी उभ्या आयुष्यात वाचली नव्हती, पण माझ्यापेक्षा स्वच्छ वाचत होते. ते सहन करणं मला थोडं जड गेलं.

"आमच्यात रमजानला इमामसाहेब नमाजात अख्खं कुराण तोंडपाठ म्हणतात," ते म्हणाले. "त्यांच्या मागे एक जण उभा असतो तो फक्त ऐकायला. अडले, चुकले, की तो मागून शब्द देतो. लुकमा देणं म्हणतात त्याला. लुकमा म्हणजे घास."

"मग लोक काय म्हणतात इमामांना?"

"काय म्हणणार? माणूस आहे, अडणारच. मागे कुणी उभंच नसेल, तर मात्र पंचाईत."

टेम्पो येईपर्यंत आम्ही चारदा सगळं म्हटलं. शेवटच्या दोन वेळा मी एकदाही अडलो नाही. त्यांनी कागदाची घडी घालून परत दिला आणि पेपर उचलला. माझं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही.

दुपारी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून मी दिघ्याला पोचलो तेव्हा माझी छाती पुढं आली होती. विहार भरला होता. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. समोर दोन्ही प्रतिमांना हार, त्यांच्याखाली बाबांचा फोटो. आई बायांच्या पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात. तिनं माझ्याकडे बघितलं, मी 'काळजी करू नको' अशी मान हलवली. कालपासूनची माझी सगळी तयारी त्या मानेत होती.

बाबांच्या जागेवर बसलो. मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण सरळ गेलं. मी एक ओळ म्हणत होतो आणि दीडशे माणसं ती परत माझ्या अंगावर टाकत होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागं बसून म्हणताना तो आवाज आपल्याला उचलून नेतो, पुढं बसल्यावर तो पाठीवर येऊन आदळतो. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. चौथं संपलं, दीडशे जणांनी ते म्हटलं आणि शांतता झाली. त्या शांततेत मला पाचव्याची सुरुवात सापडेना. डोळ्यांपुढं गोदाम आलं, कंटेनर आले, शब्द आला नाही. मागं कुणीतरी खाकरलं. बाबांच्या पुण्यानुमोदनाला त्यांचा मुलगा नेमका दारूच्या शीलावर अडला, ही गोष्ट गल्लीत किती वर्षं पुरेल, याचा हिशोबही मी त्या तीन सेकंदांत केला.

तेवढ्यात उजवीकडून आईचा आवाज आला. मोठा नाही, घाबरलेला नाही. तिनं फक्त पहिला शब्द टाकला आणि गप्प झाली. माझी जीभ उरलेली ओळ सोडून देऊन मोकळी झाली.

पुढं पूजेच्या गाथांमध्ये मी आणखी दोनदा अडलो. अडलो असंही म्हणता येत नाही, कारण अडायच्या आधीच तिचा शब्द हजर असायचा. आईला अक्षरओळख नाही. सगळं कानानं शिकलेलं. कुठं श्वास संपतो, कुठं माणूस डगमगतो, हे तिला कसं कळत होतं याचं मला तेव्हा नुसतं आश्चर्य वाटलं. शेवटचं 'साधु साधु साधु' झालं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

भाषणं झाली, पोहे-चहा झाला. एका मामानं अपेक्षेप्रमाणं 'बरोबर दारूलाच थांबलास की रे' असं म्हणून टाळी मागितली. मी दिली. मग बाबांच्या कंपनीतले एक जुने सोबती, ज्यांच्याकडे विहाराची किल्ली असते, ते काका बशी घेऊन शेजारी टेकले.

"टेन्शन नको घेऊ, पोरा," ते म्हणाले. "तुज्या आईचा हात बसलाय त्यात. बाबांनाबी तीच द्यायची की शब्द."

"बाबांना?"

"मंग? शेवटची दोन वर्षं. त्यांना तिसऱ्यालाच अडायचं. पन बायांची रांग लांब पडायची आन् त्यांचा उजवा कान बॉयलरनं गेलेला. कवा ऐकू यायचं, कवा न्हाई. एका आयतवारी तेच शील पाच येळा म्हनले."

"मग?"

"मंग काय? आमीबी पाच येळा म्हनलो मागून. तीस वर्षं त्यांच्या मागं म्हनलो, त्या दिवशी काय त्यांना थांबवायचं?" त्यांनी चहा संपवला. "म्हनायचे, लेक शेजारी येऊन बसला, हळूच शब्द दिला, तर कुनाला कळनारबी न्हाई."

काकांना आधी वाटलं असावं की मला हे माहीत आहे.

लोक पांगल्यावर आई दाराशी चपला शोधत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"बाबांना आठवत नव्हतं, हे तू मला का नाही सांगितलंस?"

तिनं एक चप्पल पायात सरकवली. "नगं म्हनले ते. म्हनले, कळलं तर तो यील, पन आजारासाठी यील. आपल्या मनानं येतो का बघू. म्हनून शनिवारी फोन लावायचे. लावायचे म्हंजी माज्याकडून लावून घ्यायचे, तुजा नंबर ध्यानात ऱ्हात नव्हता त्यांच्या."

म्हणजे दर शनिवारी ती शेजारी बसून ऐकत होती. उद्या राईड आहे, बाबा. बरं. शंभर शनिवार तरी असतील. मला तिथंच रडू आलं, विहाराच्या दारात, सगळ्यांच्या चपलांमध्ये. मी ते लपवलं नाही, लपवता आलंही नसतं. मला माझी फार लाज वाटली आणि बाबांची इतकी आठवण आली, जितकी ते गेले त्या दिवशीही आली नव्हती.

"आणि मला येत नाही, हे तुला माहीत होतं?"

"लहानपनापासून," आई म्हणाली. "तू त्यांच्या जाग्यावर बसावं येवढंच मला पायजे व्हतं. शब्द म्या देनारच व्हते."

"पुढच्या रविवारपासून मी येतो, आई. तुझ्याबरोबर. दर रविवारी."

तिनं दुसरी चप्पल घातली, पदरानं माझं तोंड पुसलं, लहान असताना पुसायची तसंच, जरा जोरात.

"ये की," ती म्हणाली. "पन माज्यासाठी नगं येऊ. मला समदं पाठ हाय. अडत व्हतं ते त्यांचं."